हललेला फोटो

"वाईच हलक्या हातानं, बाई," शालन सातपुते म्हणाली. "दाबलं की गाठीचा रंग जातोय."

तिचा उजवा पाय माझ्यासमोरच्या स्टुलावर होता आणि माझ्या हातात डर्मोस्कोप होता. डर्मोस्कोप म्हणजे फार काही नव्हे. मुठीत मावेल एवढं भिंग, तोंडाशी सपाट काच, काचेभोवती बारीक दिवे. त्वचेवर टेकवलं की कातडीखालचे रंग आणि रक्तवाहिन्या दहापट मोठ्या दिसतात. आज कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या टेबलावर तो पडलेला असतो. पण मी सांगतेय ती गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातली. तिथं तो फक्त माझ्याकडे होता, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते.

पुण्याला दोन दिवसांची कार्यशाळा करून मी नुकतीच आले होते. एकतीस वर्षांची होते. माझी गत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी. दिसेल त्याचा तीळ मी भिंगाखाली घ्यायची. कॅन्टीनच्या मावशींच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा सोडला नव्हता. त्या म्हणायच्या, "मॅडम, चहा पिऊन घ्या आधी, तीळ कुठं पळून जात न्हाई."

"कधीपासून आहे ही गाठ?" मी शालनला विचारलं.

"गेल्या शिमग्याला आली. आधी मला वाटलं, वादीनं फोड आला आसंल."

"वादी?"

तेव्हा तिनं मला तिचं काम सांगितलं. तिचा नवरा रंगराव चपला बांधायचा आणि ती चपलांच्या पट्ट्यावरची वेणी घालायची. चामड्याच्या सुतळीएवढ्या बारीक वाद्या कापायच्या, त्यांची एका बाजूची टोकं गाठ मारून उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायची, पाय लांब करायचा आणि वाद्या ताणून धरून दोन्ही हातांनी गुंफत यायचं. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी बसलो' असंच बोलायची.

"हात गुंफतोय, पर वेणी अंगठा घालतोय बगा," ती म्हणाली. "कितपत ताणायचं ते त्येलाच कळतंय. मी तर कवा कवा बघत बी न्हाई."

"व्यापारी नाव घेऊन मागत्यात, मॅडम," मागं उभा असलेला रंगराव म्हणाला. "शालनची वेणी हाय का म्हणून. अकरा वाद्यांची वेणी आमच्या गल्लीत दुसरं कोण घालत न्हाई."

"गप बसा की," ती म्हणाली, पण तिला बरं वाटलेलं दिसलं.

गाठ अंगठ्याच्या आतल्या कडेला होती, वादी अडकते बरोबर तिथं. हरभऱ्याएवढी, लालभडक, ओलसर. वादी घासली की रक्त यायचं. गाठीभोवती एक बारीक गोल खाच होती, खळग्यात बसवल्यासारखी ती गाठ दिसत होती. ती खाच मी पाहिली, कागदावर लिहिलीसुद्धा, आणि पुढं गेले. लाल, रक्त येणारी, तळपायाजवळची, आठ महिन्यांत वाढलेली गाठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द आला होता. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा सगळ्यात वाईट कॅन्सर. तो बहुतेक वेळा काळा असतो, पण कधीकधी रंग नसलेला, असा लालगुलाबीही असतो. कार्यशाळेत त्यावर एक अख्खा तास झाला होता, आणि सगळ्यांना घाबरवून सोडलं होतं.

मी गाठीवर सोनोग्राफीची जेली लावली, भिंग टेकवलं आणि त्यावर मोबाइल बसवला. त्या काळी मोबाइल भिंगावर धरून फोटो काढायचा म्हणजे कसरत असायची. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि फोटो हलू नये म्हणून सगळा भार काचेवर. तिळांचे फोटो काढताना मला तीच सवय लागली होती. काळ्या तिळावर कितीही दाबलं तरी काळा रंग जात नाही.

"दाबू नका, बाई," ती पुन्हा म्हणाली. "आमी चामडं घेताना आसंच बघतो. तेल पाजल्यालं चामडं मुडपलं की तिथं फिकं पडतंय. सोडलं की रंग परत येतोय. खरा रंग बघायचा तर सोडून बघाय पायजे."

"हे चामडं नाही, शालनताई," मी हसून म्हटलं. "हलू नका. झालंच."

पहिला फोटो निघाला. दुसरा काढताना तिला कळ आली असावी, कारण तिनं पाय मागं ओढला. भिंग काचेवरच्या जेलीसकट उचललं गेलं आणि त्याच क्षणी माझं बोट बटणावर पडलं.

"चुकलं," ती म्हणाली. "परत ठेवू का पाय?"

मी पहिला फोटो उघडून पाहिला. स्वच्छ, कडा रेखीव, अगदी पुस्तकात छापावा असा. पांढुरका, जरा गुलाबी, आत कसलीच रचना नाही, एकही रक्तवाहिनी नाही. दुसरा छोट्या चौकोनात हललेला दिसत होता. तो मी उघडलाही नाही.

"नको," मी म्हटलं. "छान आलाय एक."

त्याच दिवशी जागा बधिर करून मी गाठीचा छोटा तुकडा काढला, एक टाका घातला आणि तुकडा तपासायला पाठवला. आमचे तुकडे तपासायच्या यास्मिन मुल्लाणी मॅडम. केस पांढरे झालेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि नक्की माहीत नसेल तर तसं लिहायला न लाजणाऱ्या. पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"मंजिरी, तुझा तुकडा फार वरवरचा आहे गं. वरून जखम, खाली सूज. मधे थोड्या पेशी आहेत, त्या मला आवडल्या नाहीत, पण त्यांना नाव देता येईना."

"मेलानोमा?"

"असू शकतो. घामाच्या नळीची साधी गाठसुद्धा असू शकते. पोरोमा. पायावरच होते, अशीच लाल दिसते, काही करत नाही बिचारी. कापली की संपलं." मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे ते भिंग आहे ना? त्यात रक्तवाहिन्या कशा दिसल्या?"

"दिसल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"पांढरं-गुलाबी आहे सगळं. रक्तवाहिनी एकही नाही."

"एकही नाही? इतकी लाल गाठ, आणि एकही नाही?"

हा प्रश्न त्यांनी साध्या आवाजात विचारला होता. त्या मला काही सांगत होत्या हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, यांना भिंगातलं काय कळतंय.

"फोटो आहे माझ्याकडे, मॅडम. अगदी स्वच्छ आहे."

"मग कॅन्सर नाही असं मी लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पोरोमात रक्तवाहिन्या भरपूर दिसतात असं वाचलंय मी. हवं तर आणखी एक तुकडा पाठव. खोल घे."

मी सर्जन उपळेकरांकडं गेले. उपळेकर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, हात सोन्याचा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी रिपोर्ट वाचला, फोटो पाहिला.

"तुझं काय मत?"

"मेलानोमा वाटतो."

"वाटतो की आहे?"

इथं मी जरा थांबायला हवं होतं. पण दोन महिने सगळ्या हॉस्पिटलात भिंग मिरवल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्या माणसानं मला त्याबद्दल गंभीरपणे विचारलं होतं. मला ते फार आवडलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

"सर, साधी गाठ असती तर रक्तवाहिन्या दिसल्या असत्या. त्या नाहीत."

"दुसरा तुकडा घेऊ या?"

"परत आठवडा जाईल," मी म्हटलं. "आधीच आठ महिने गेलेत."

उपळेकरांनी मान हलवली. "मग अंगठा सांध्यातून काढायचा. घरच्यांना तू सांग. तुझी पेशंट आहे."

मी त्या दोघांना बोलावलं. रंगरावानं ऐकलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. शालन मात्र पायाकडं बघत होती. टाक्यावर पट्टी होती, पट्टीखालून अंगठ्याचं नख तेवढं दिसत होतं.

"आख्खा?" तिनं विचारलं.

"अख्खा काढावा लागेल. थोडा ठेवला आणि रोग मागं राहिला तर जिवावर बेतेल."

"मग वेणी कशी घालू?"

"शालनताई, जीव महत्त्वाचा."

"ते खरं हाय," ती म्हणाली. "डाव्या अंगठ्यानं बघितलं वो मी करून, ह्यो दुखतोय म्हणून. जमत न्हाई. त्येला ताण कळत न्हाई."

"आगं, वेणीचं काय घेऊन बसलीस," रंगराव म्हणाला. "मी बिनवेणीच्या बांधतो की चपला."

"बिनवेणीच्या कोण घेतंय तुमच्या?"

तिनं ते चिडवत म्हटलं होतं. आम्ही तिघंही कसनुसं हसलो. मग ती माझ्याकडं वळली.

"बाई, त्या भिंगातनं परत एकदा बघता का? अंगठा जायाच्या आदी."

बाहेर बाकांवर तीस पेशंट होते. पट्टी सोडायची, परत बांधायची. डर्मोस्कोप माझ्या डाव्या हाताशी टेबलावरच होता, हात लांब करायचीही गरज नव्हती.

"आता बघून नवीन काही दिसणार नाही, शालनताई," मी म्हटलं. "मी नीट बघितलंय."

"तुमी बघितलंय म्हणताय तर मग झालं," ती म्हणाली. तिनं सहीच्या जागी अंगठा उठवला नाही, सही केली. शाळेत सातवीपर्यंत गेली होती. अक्षर गोल आणि सावकाश होतं.

दोन दिवसांनी उपळेकरांनी तिचा अंगठा काढला.

काढलेल्या अंगठ्याचा रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. मुल्लाणी मॅडमनी फोन केला नाही, कागद पाठवला. पोरोमा. घामाच्या नळीतून उगवलेली साधी गाठ. पूर्ण निघाली आहे. कॅन्सरची एकही पेशी कुठंही नाही. खाली त्यांच्या हातानं लिहिलेलं होतं: 'गाठीत रक्तवाहिन्या भरपूर आहेत.'

मी तो कागद घेऊन उपळेकरांच्या खोलीत गेले. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला.

"बरं झालं की," ते म्हणाले. "कॅन्सर नव्हता. बाईचं नशीब चांगलं."

"सर, अंगठा गेला तिचा."

"गेला. संशय होता, काढला. उद्या मेलानोमा निघाला असता तर तू आणि मी काय उत्तर दिलं असतं?"

"तिला सांगायला हवं."

"काय सांगणार आहेस?" ते शांतपणे म्हणाले. "कॅन्सर नव्हता हे सांग. ते खरं आहे. बाकीचं सांगून अंगठा परत येणार आहे का?"

मी माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि मोबाइलमधला तो स्वच्छ फोटो पुन्हा उघडला. पांढुरका, गुलाबी, रिकामा. माझी चूक कुठं झाली ते मला खरंच कळेना. फोटोत दिसणाऱ्या रक्तवाहिन्या काही मी नाहीत म्हटल्या नव्हत्या. त्या नव्हत्याच. मग बोट सरकलं आणि पुढचा फोटो उघडला, हललेला.

तो वरच्या एका कोपऱ्यातच हललेला होता. बाकी सगळा दिसत होता. गाठ लालबुंद होती. तिच्यात सगळीकडं रक्तवाहिन्या होत्या, बारीक देठासारख्या निघून टोकाला फुललेल्या, कोथिंबिरीला फुलं येतात तशा. त्यांच्या मधून पांढरट जाळी गेलेली होती. कार्यशाळेच्या वहीत पोरोमाच्या पानावर मी स्वतःच्या हातानं हेच चित्र काढलं होतं, भोवतीच्या गोल खाचेसकट. त्याच्याखाली लाल शाईनं अधोरेखित केलेली ओळही होती: लाल गाठीवर भिंग दाबायचं नाही, रक्त निघून जातं.

मी डर्मोस्कोप उचलला, आरशासमोर गेले आणि काच माझ्याच खालच्या ओठावर दाबली. ओठ पांढरा पडला. हात सैल केला. लाली परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. किती वेळ मी ते करत होते कुणास ठाऊक. मी रडले नाही. मला फक्त त्या दिवशीचं तिचं एकेक वाक्य आठवत होतं, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक वाक्यानंतर मी काय म्हटलं तेही.

गाठीपुरतं कापलं असतं तर चार टाके पडले असते. तीन आठवड्यांनी ती वेणीला बसली असती.

हे दोन फोटो आता मी शिकवताना दाखवते. एकाच गाठीचे, एकाच मिनिटातले. आधी स्वच्छ फोटो, मग हललेला. मुलं 'अरे' म्हणतात, वह्यांत लिहून घेतात. एका परिषदेत तर या दोन फोटोंसाठी माझं खूप कौतुक झालं. पेशंटचं पुढं काय झालं, असं एखादा विचारतोच. "गाठ साधी निघाली," मी सांगते आणि पुढची स्लाइड लावते.

रिपोर्ट आल्यावर सहा आठवडे शालन आली नाही. जखमेच्या पट्ट्या उपळेकरांच्या विभागात होत होत्या. कॅन्सर नव्हता हे त्यांनीच तिला सांगून टाकलं होतं. मी त्या बाजूचा जिना टाळत होते. औषधाच्या दुकानाकडं जायचं तर मागच्या दारानं जायची. पण मी तिला सांगणार होते. रोज आंघोळ करताना मी वाक्य जुळवायची. शालनताई, माझी चूक झाली. तुम्ही म्हणालात तसंच होतं. एवढंच तर म्हणायचं होतं.

ती एका सोमवारी आली, ओपीडी संपत आली असताना. रंगराव बरोबर होता. तिच्या पायांत मागून पट्टा असलेले प्लास्टिकचे सँडल होते.

"कोल्हापुरी पायात ऱ्हात न्हाई आता," माझी नजर पाहून ती म्हणाली. "अंगठ्याबिगर निसटतीया. जल्मभर दुसऱ्याला बांधून दिल्या, आता आपल्याला न्हाई."

"बसा, शालनताई."

"बसतो की. आदी हे घ्या."

तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. आत चपला होत्या. तांबूस, तेल पाजलेल्या, नवीन चामड्याचा वास येत असलेल्या. पट्ट्यावर अकरा वाद्यांची वेणी.

"तुमच्या मापाच्या हायत. सिस्टरना इचारून माप घेतलं."

"तुम्ही घातलीत वेणी?"

"तिनंच," रंगराव म्हणाला. "फळीला खिळा ठोकून दिलाय मी. त्येला वाद्या अडकवून घालतीया. पंधरा दिस लागलं मॅडम एवढ्याला. दिसात चार व्हायच्या तिच्या."

"खिळ्याला काय कळतंय," शालन म्हणाली. "बगा, हितं मधी सैल पडलीया. उजव्या पायाच्या वेणीत जास्त. रागावू नका, बाई. पयल्यासारखी जमंना झालीया."

मी वेणीवरून बोट फिरवलं. मधे दोन ठिकाणी ती खरंच सैल होती. मला सांगितलं नसतं तर दिसलंही नसतं.

मी रंगरावाकडं पाहिलं. वाक्य तयार होतं. सहा आठवडे घोटलेलं होतं.

"शालनताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या गाठीबद्दल."

"व्हय की, उपळेकर डॉक्टरनी सांगितलं," ती म्हणाली. "कॅन्सर न्हवता म्हणं. पर झाला आसता न्हवं पुढं? ठेवली आसती तर?"

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

"गल्लीतल्या बायका म्हणत्यात, साध्या गाठीला कशाला अंगठा दिलास. त्यास्नी काय सांगू सांगा. मी म्हणतो, आगं, बाईंनी भिंगातनं आतलं बघितलं. माझ्यासाठनं बघितलं त्यांनी. न्हाईतर मेलो आसतो मी." ती जरा पुढं वाकली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं आणि ती मला खरंच विचारत होती. "मेलो आसतो न्हवं, बाई?"

रंगरावही माझ्याकडं बघत होता. दोघांनाही एकच शब्द हवा होता. तो मिळाला की अंगठा कशासाठी गेला ते त्यांना कळणार होतं, गल्लीला सांगता येणार होतं. मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं की मी तो शब्द दयेपोटी दिला. खरं कारण तेवढं चांगलं नव्हतं. मला भीती वाटली. उपळेकरांची, ट्रस्टच्या लोकांची, कागदावर येणाऱ्या माझ्या नावाची, आणि सगळ्यात जास्त, ती मला काहीच बोलणार नाही याची.

"हो," मी म्हटलं.

ती मागं टेकून बसली. तिचे खांदे खाली आले.

"ऐकलंसा?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणतच हुतो."

त्यानंतर ती कधी माझ्याकडं आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. तिनं पाठवलेली माणसं मात्र वर्षानुवर्षं येत राहिली. शालननं सांगितलं म्हणून आलो, तुमच्याकडं भिंग हाय म्हणत्यात. मी प्रत्येकाची गाठ हलक्या हातानं बघितली. चार वर्षांपूर्वी आलेल्या तिच्या चुलतजावेनं सांगितलं, शालन आता वेणी घालत नाही, तळव्यांना भोकं पाडून देते. चपलांच्या वेण्या रंगराव बाहेरून घालून आणतो. "तिला नाद न्हाई ऱ्हायला," ती म्हणाली. "पर तुमचं नाव घेतीया."

त्या सोमवारी जाताना शालन उठली आणि परत थांबली.

"घालून बगा की, बाई. माप बराबर हाय का कळंल."

"घरी घालीन."

"आत्ता घाला. हितंच."

मी बूट काढले. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी 'अहो, नको' म्हणेपर्यंत तिनं माझा उजवा पाय हातात घेतला आणि चपलेत सरकवला. चपलेच्या गोल कडीत माझा अंगठा नीट बसवला. मग कडी आणि अंगठा यांच्या मधून तिनं आपलं बोट फिरवून बघितलं, किती जागा आहे ते. बोट इतकं हलकं होतं की मला जेमतेम कळलं.

"कुठं दाबत न्हाई न्हवं?" तिनं वर बघून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.